काजळीचा डावा कान

गेल्या पावसाळ्यापासून नवजात पिल्लांचे रडणे मला ऐकू येईनासे झाले आहे. माणसांचे बोलणे कळते, मंडईतला कोलाहल कळतो, एस.टी.चा कर्णा तर नको इतका कळतो. परंतु खोक्याच्या कोपऱ्यात आईपासून दूर सरकलेले आणि गार पडू लागलेले पिल्लू ज्या बारीक, उंच आणि अखंड स्वराने आपली कैफियत मांडते, तो स्वर आता माझ्या कानांच्या अधिकारक्षेत्राबाहेर गेला आहे. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून उंच स्वरांच्या बाजूला उतरत गेलेली रेघ दाखविली आणि वार्धक्यात प्रथम हेच स्वर हरपतात असे समजावून सांगितले. डाल्मेशियनची वेते घरात वाढविण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याला ही वार्ता केवळ वैद्यकीय वाटत नाही. कारण शेजारच्या खोलीत अंथरुणावर पडल्या पडल्या भुकेचे रडणे कोणते, थंडीचे कोणते आणि आईच्या अंगाखाली सापडलेल्याचे कोणते, हे ओळखणारा कान हेच माझे खरे भांडवल होते, आणि त्याचा मला, स्पष्टच सांगतो, फार अभिमान होता. साताऱ्यातलेच नव्हेत तर कोल्हापूर-बेळगावकडचेही ब्रीडर रात्री-अपरात्री मला फोन करीत, तो आपल्या खोक्यापाशी धरीत आणि मी नुसते ऐकून निदान सांगावे अशी अपेक्षा ठेवीत. त्या वेळी जी धन्यता वाटे ती प्रदर्शनातल्या कोणत्याही चषकाने मला दिली नाही.

आता सुट्टी मिळाली की खोक्याशेजारी माझी नात निजते. ती शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. रात्री ती उठते, पिल्लू आईच्या सडाला लावते आणि सकाळी सारा तपशील मला सांगते. मी तो वहीत उतरवितो. भूमी अभिलेखाच्या कचेरीत हयात काढल्यामुळे नोंदीची शिस्त माझ्या हाडांत मुरली आहे. प्रत्येक वेताची स्वतंत्र वही, गळ्यातल्या रंगीत दोऱ्याच्या खुणेने प्रत्येक पिल्लाला एक पान, रोजचे वजन ग्रॅमांत, आणि ‘कान’ या मथळ्याखाली एक रकाना, जो पाचवा आठवडा पुरा होईपर्यंत कोरा ठेवण्याचा माझा शिरस्ता आहे. खोक्याची ऊब, चिकाचे पहिले तास, मोठ्या वेताच्या आईचे उतरणारे कॅल्शियम, जंताचे औषध, पार्व्होची लस, यांविषयी या कामातल्या माणसाला मी नवे काय सांगणार? त्या एका कोऱ्या रकान्याने मात्र माझी जितकी झोप घालविली तितकी पार्व्होच्या साथींनीही घालविली नाही.

ज्यांनी ही जात वाढविली आहे त्यांना ठाऊक आहे की बहिरे पिल्लू भावंडांत असताना बहिरे दिसत नाही. भावंडे उठली की ते उठते, दाराकडे धावली की सर्वांच्या पुढे तेच असते. खेळण्यात ते अधिक धीट आणि चावण्यात अधिक कठोर असते, कारण चावा बसलेल्याची किंकाळी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि पाहावयास आलेले गिऱ्हाईक नेमके त्याच्याच धिटाईवर लुब्ध होते. म्हणून परीक्षा एकेकट्याची घ्यावी लागते, पोट भरल्यानंतरच्या गाढ झोपेत घ्यावी लागते, आणि आवाजाखेरीज दुसरी कोणतीही खबर त्याला लागणार नाही याचा बंदोबस्त करावा लागतो. हा बंदोबस्तच सर्वांत कठीण. शहाबादी फरशीवर पातेले आदळले तर त्याचा कंप पोटाला आणि पंजांना कळतो. जवळून टाळी वाजविली तर हवेचा झोत मिशांना कळतो. दारात उभे राहिले तर सावली पडते. आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसले तर माझा वासच त्याला जागे करतो. तेव्हा जाड गोधडीच्या घड्यांवर पिल्लू, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पडद्याआड मी, आणि हातात पितळी वाटी व चमचा, अशी मांडणी मी हळूहळू ठरवीत आणली. नाद हलकाच काढावयाचा आणि एकदाच काढावयाचा. कारण ऐकणारे पिल्लूसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्या नादाला सरावून स्वस्थ पडून राहते, त्यामुळे पहिली जबानी हीच काय ती ग्राह्य.

त्यात काळाचा आणखी एक पेच आहे. पिल्लांच्या कानांची भोके दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस उघडतात, आणि ज्यांच्या नशिबी बहिरेपण आहे त्यांच्या अंतर्कर्णाचा ऱ्हास साधारणतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतो. म्हणजे अठराव्या दिवशी ज्याने चमच्याच्या नादाला मान उचलली त्याच्याविषयी पस्तिसाव्या दिवशीही तसेच म्हणता येईल असे नाही. आणि हे सारे निभावले तरी जे पिल्लू एका कानाने ऐकते आणि एका कानाने ऐकत नाही, त्याच्यापुढे वाटी-चमचा, शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा, सारी घरगुती साधने निरुपयोगी ठरतात. ते जागे होते, मान वळविते, नाव शिकते, हाकेला येते. फक्त हाक कोठून आली हे ठरविताना क्षणभर घोटाळते, आणि थोड्याच दिवसांत डोळ्यांच्या साहाय्याने तो घोटाळाही झाकून टाकते. त्या एका क्षणाच्या शोधात मी अंगणात पिल्लांभोवती फेऱ्या घालीत, निरनिराळ्या दिशांनी हाका मारीत किती सकाळी घालविल्या त्याची गणती नाही. असे कुत्रे घरात सुखाने नांदते, मालकाला काही उणे जाणवत नाही. परंतु त्याच्यावरून वेत घेतले तर पुढच्या पिढीतील बहिऱ्यांचे प्रमाण वाढते, आणि म्हणूनच त्या घोटाळण्याची शहानिशा करणे हे ब्रीडरचे कर्तव्य ठरते.

शास्त्राने या प्रश्नाचा निवाडा केलेला आहे. पाच आठवडे पूर्ण झालेल्या पिल्लाच्या कातडीखाली बारीक सुया टोचून, एकेका कानात टिकटिक सोडून, मेंदूकडे जाणारे विद्युत्तरंग पडद्यावर पाहावयाचे. ऐकणाऱ्या कानाच्या आलेखात शिखरे उठतात, बहिऱ्या कानाची रेघ सपाट राहते. ब्रीडर तिला ‘बेअर’ चाचणी म्हणतात. लुइझियानाच्या विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रेन यांनी अशा चाचण्यांचे जे दफ्तर जमविले, त्यावरून अमेरिकेतील सुमारे ८ टक्के डाल्मेशियन दोन्ही कानांनी आणि सुमारे २२ टक्के एका कानाने बहिरे असल्याचे दिसून आले. ते आकडे मी प्रथम वाचले तेव्हा माझ्या जुन्या वह्या काढून बसलो. त्यांत दोन्ही कानांनी बहिरी अशी पिल्ले अधूनमधून नोंदलेली होती, परंतु एका कानाचे बहिरेपण जवळजवळ कोठेच नव्हते. ते माझ्या वेतांत नव्हते म्हणून नव्हे, तर वाटी-चमच्याला ते दिसत नाही म्हणून. माझ्या आवाक्यातील दवाखान्यांत त्या यंत्राची सोय मला कधी लाभली नाही.

या बहिरेपणाचे मूळ, आपण ज्यावर भाळतो त्याच पांढऱ्या रंगात आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेच्या भिंतीत रंगपेशींचा एक थर असतो; तेथील द्रवातल्या क्षारांचा तोल त्या पेशींवर अवलंबून असतो, आणि हा तोल ढळला की श्रवणपेशी मरतात. डाल्मेशियनला शुभ्र करणारे जनुक गर्भावस्थेत रंगपेशींना कातडीवर सर्वत्र पसरू देत नाही, आणि काही पिल्लांत त्या कानापर्यंतही पोहोचत नाहीत. निळ्या डोळ्यांच्या पिल्लांत बहिरेपण अधिक आढळते ते याच कारणाने. याच्या उलट, ज्याच्या अंगावर जन्मतःच काळा किंवा लिव्हर रंगाचा पॅच असतो त्याच्यात ते कमी आढळते. कातडीत ज्याचा रंग अधिक पसरला त्याच्या कानातही तो पोहोचलेला असण्याचा संभव अधिक.

पॅच म्हणजे काय हे ज्यांनी वेत पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. बाकीची पिल्ले कोरी पांढरी जन्मतात. गर्भजलाने ओली असताना कातडीखाली ठिपक्यांची अंधुक सावली दिसते तेवढीच, आणि खरे ठिपके दुसऱ्या आठवड्यापासून केसांत उतरू लागतात. त्या दिवसांत रोज सकाळी पिल्लांना खिडकीच्या उजेडात धरून कालच्यापेक्षा आज काय अधिक आले हे पाहण्यासारखा आनंद मला दुसरा माहीत नाही. पॅच मात्र पहिल्या दिवसापासून असतो, त्याच्या कडा रेखीव असतात आणि त्यात पांढरा केस एकही नसतो. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात तो अपात्रतेचा दोष आहे, आणि आमच्या इकडच्या रिंगणातही त्याला मान नाही. ज्याचे कान शाबूत असण्याची शक्यता अधिक त्यालाच रिंगणाबाहेर काढावयाचे, आणि पिढ्यान् पिढ्या अधिकाधिक शुभ्रतेची निवड करावयाची, ही आपल्या जातीची वहिवाट आहे. आपल्या डोळ्यांच्या हौशीसाठी आपण या कुत्र्याच्या कानांवर अन्याय केला आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

असा अन्याय एकच नाही. डाल्मेशियनच्या लघवीतून यूरिक आम्ल अवास्तव प्रमाणात बाहेर पडते आणि नरांना खड्यांचा त्रास होतो, हे आपण जाणतो. म्हणून मी पिल्लांना काळीज-कलेजी देत नाही आणि पाण्याची भांडी कधी रिकामी ठेवीत नाही. १९७३ साली रॉबर्ट शायबल या अमेरिकन संशोधकाने एका डाल्मेशियनचा पॉइंटरशी संकर करून, पुढील प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवून, हा दोष नसलेला वंश सिद्ध केला. १९८१ साली तेथील केनेल क्लबने त्या वंशातील दोन कुत्री नोंदविली, परंतु रक्तशुद्धीच्या अभिमान्यांनी विरोध करताच नोंदणी थांबली, आणि तो दरवाजा पुन्हा उघडण्यास २०११ साल उजाडावे लागले. या वंशाचे ठिपके किंचित लहान आणि कमी रेखीव असतात असे सांगतात. म्हणजे ठिपक्यांच्या नेटकेपणाची निवड करता करताच तो दोष जातीत पक्का झाला असावा, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे. रूप आणि प्रकृती यांत या जातीच्या कैवाऱ्यांनी प्रत्येक वेळी रूपाची बाजू घेतली.

आजकालच्या विक्रेत्यांविषयी मी काय लिहू? डाल्मेशियन पिल्लांवरच्या १९६१ च्या चित्रपटाने आणि पुढे १९९६ च्या चित्रपटाने या जातीला जे गिऱ्हाईक मिळवून दिले त्याला ठिपके हवे असतात, कुत्रे नको असते, आणि त्याची मागणी पुरविणाराही तसाच निपजला आहे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये असा २०१७ च्या केंद्रीय नियमांचा दंडक आहे. तरी चौथ्या आठवड्यात, नुकतेच ठिपके भरलेले पिल्लू खोक्यात घालून देणारे मी पाहतो. ही घाई केवळ पैशाची नाही. पाचव्या आठवड्यानंतर कानाचा प्रश्न विचारला जाऊ शकतो, त्याच्या आधी व्यवहार उरकला की तो कोणी विचारीत नाही. कोणी विचारलाच तर सगळ्या पिल्लांपुढे एकदम शिट्टी वाजवून दाखवितात, आणि सगळी एकदम वळली की खातरजमा झाली असे मानतात. पुढे एखाद्या सदनिकेत ते पिल्लू हाक ऐकत नाही म्हणून मार खाते, झोपेत स्पर्श झाला की दचकून चावते आणि ‘ही जातच वेडी’ असा शिक्का घेऊन रस्त्यावर येते. बहिरे कुत्रे हाताच्या खुणांनी उत्तम शिकते. आमच्याच घरी असे एक कुत्रे म्हातारे होऊन गेले, आणि फाटकापाशी कोण आले हे आम्हाला आधी सांगण्यापलीकडे त्याने आमचे काही उणे ठेवले नाही.

गेल्या वेतात जी पिल्ले झाली त्यांत एका मादीचा डावा कान, गालाच्या टोकापर्यंत, जन्मतःच काळाभोर होता. दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तिटेसारखा. नातीने तिचे नाव काजळी ठेवले आणि वेताच्या पहिल्याच आठवड्यात मला बजावले, ‘आजोबा, हिला द्यायची नाही हं. पुढचं वेत हिचंच घ्यायचं.’

‘अगं, पॅच आहे तो. चार जाणत्या माणसांत हसं होईल.’

‘होऊ दे की. तुमच्या वहीत कानाचा रकाना आहे, पॅचचा कुठे आहे?’

मी गप्प राहिलो. पॅचचा रकाना माझ्या वहीत खरोखरच नव्हता, कारण पॅच दिसताच ते पिल्लू ‘घरगुती, वेतासाठी नव्हे’ या शेऱ्यानिशी कोणाला तरी देऊन टाकण्याची माझी पद्धत होती आणि पुढे नोंदण्यासारखे काही उरतच नसे. त्या वेतात आणखी एक मादी होती, गुबगुबीत, निर्मळ पांढरी, सुट्या गोल ठिपक्यांची, जी पाहून जुने परीक्षक उठून उभे राहिले असते; माझे मन तिच्यापाशी घुटमळत होते. पाचव्या आठवड्यात पडद्याआडून वाटी वाजविण्याचे काम नातीने केले, कारण आता मला स्वतःलाच तो नाद नीट ऐकू येत नाही. पांढरी मादी झोपून राहिली. दुसऱ्या दिवशीही झोपून राहिली. काजळीने पहिल्याच नादाला डोके उचलले, दोन्ही कान पुढे केले आणि पडद्याकडे पाहिले.

याने काजळीचे दोन्ही कान शाबूत आहेत हे सिद्ध होत नाही, हे मी वर सांगितलेच आहे. तिला खऱ्या चाचणीसाठी दूरच्या शहरी नेण्याची तजवीज नात करीत आहे. तो दाखला चांगला निघाला तर, ती वयात आल्यावर, दोन्ही कानांचा दाखला असलेला नर शोधून तिचे वेत घ्यावयाचे असे आम्ही ठरविले आहे. त्या वेतात पॅचची पिल्ले निघतील, आणि माझे जुने सोबती ती पाहून, म्हाताऱ्याची नजरही गेली असे आपसांत म्हणतील. मला ते बोचेल. निर्मळ अंगावरचे सुटे, रेखीव ठिपके पाहून माझे भान अजूनही हरपते, आणि हे रूप मी घडविले असे चार लोकांनी म्हणावे ही तहान माझ्या कानांबरोबर गेलेली नाही. तरीही काजळी घरात राहील; पांढरी मादीही राहील, खुणा शिकत; आणि वहीत पॅचचा रकाना मी आखून ठेवला आहे.