गजाचं खालचं टोक

खिडकीचं ग्रिल रंगवायला घेतलं की मी आधी खाली बसतो. वरचा रंग बहुतेक वेळा धडच असतो. गज खालच्या पट्टीत शिरतो त्या खाचेत पाणी मुरतं आणि गंज तिथून वर चढतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून रंग फुगतो. फुगवट्यावर पत्रीचं टोक लावलं की पापुद्रा सुटून येतो, खाली तांबडी भुकटी.

2019च्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापुरात पंचगंगा नदीनं राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, शुक्रवार पेठ, सगळीकडं पाणी. 2021च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी उतरल्यावर घरोघरी एकच घाई. "मामा, गणपती बसायच्या आत गेट तेवढं रंगवून द्या की!" मला त्यांची तळमळ कळायची, पण ओल्या लोखंडावर ब्रश चालवायला मन धजत नसे. चौकोनी पाइपच्या पोटात गाळ बसलेला असतो. खालच्या बाजूला भोक पाडून, स्वच्छ पाण्यानं तो धुऊन काढायचा आणि चांगलं ऊन मिळेपर्यंत थांबायचं. एरवी दिवाळीनंतर मृगापर्यंत हे काम निवांत होतं.

जुन्या वाड्यातलं ग्रिल कोरडं घासू नये, हे मी हट्टानं सांगतो. पूर्वी लोखंडाला शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा पहिला हात असायचा, आणि शेंदूर म्हणजे शिसं. वरच्या ऑइल पेंटमध्येही शिसं असायचं. घरगुती रंगात ते 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडं 2017च्या नोव्हेंबरात लागू झाला. म्हणून वॉटर पेपर, पाणी, तोंडाला मास्क, आणि लेकरं लांब.

लोखंड सुकलं की लगेच रेड ऑक्साइडचा पहिला हात. तोही नुसता उघडा ठेवला तर ओल पितो, म्हणून वर ऑइल पेंट. मग धारा. रंग कडेवरून मागं सरतो आणि तिथं पातळ राहतो. म्हणून सगळ्या धारा आणि जोड लहान ब्रशनं आधी भरून घ्यायचे, त्यानंतर पूर्ण हात. दोन हात पातळच द्यायचे. जाड दिला तर वरची साय सुकते, आतला ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. या धारांचे पैसे कुणी वेगळे देत नाही. मी मात्र त्या सोडत नाही.

माझा भाचा इंग्लंडला असतो. तिथं घर ऊबदार ठेवायला भिंतीला लोखंडी रेडिएटर असतात, आत गरम पाणी फिरतं. असा रेडिएटर रंगवायचा कसा, म्हणून त्यानं फोन केला. म्हटलं, बंद करून पार गार होऊ दे. पांढरा लाव, निळा लाव, उष्णतेला फरक पडत नाही. फक्त चंदेरी लावू नको, त्यातली ॲल्युमिनियमची भुकटी उष्णता कमी बाहेर सोडते. आणि जुनं घर असेल तर ओलंच घास.

"आणि सुरुवात कुठनं करू?" त्यानं विचारलं.

"खाली बस. पाइप जोडलाय तिथं बघ आधी."