इंजिनाला थंडी वाजते

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक बायकोची. हायब्रिड, शहाणी, सिग्नलला उभी राहिली की चक्क गप्प बसणारी. दुसरी माझी. १९९३ सालची पिकअप, २.४ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि मागे सहा फुटी हौदा. इथे रॅलेला, नॉर्थ कॅरोलायनात आल्यावर २०१६ साली गल्लीतल्या एका आजोबांकडून अठराशे डॉलरला घेतली. मंडळाच्या गणपतीचं मखर, स्टेजच्या फळ्या, ढोल, सगळं हिच्यातूनच जातं. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत तिला मान असतो आणि एरवी वर्षभर माझी चेष्टा. असो.

तर ही गोष्ट २०२४ च्या नोव्हेंबरातली. गाडी उभ्या उभ्या रेस घ्यायला लागली. म्हणजे गरम झालेलं इंजिन सिग्नलला मिनिटाला ८०० च्या आसपास फिरायला हवं, ते १६०० वर फिरत होतं. गिअर टाकला की धक्का. ब्रेकवर पाय जरा हलका पडला की गाडी पुढे. पहिले चार दिवस मी "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून सोडून दिलं. पाचव्या दिवशी मुलीला शाळेतून आणायच्या रांगेत उभा होतो. तिचं दप्तर घ्यायला मागे वळलो, पाय हलका झाला आणि गाडीने पुढच्या गाडीच्या बंपरला हलकेच डोकं टेकवलं. काही झालं नाही. पुढच्या बाई उतरल्या, बंपर बघितला, हात हलवून गेल्या. पण दोनच मिनिटांपूर्वी त्या दोन गाड्यांच्या मधून तीन पोरं रस्ता ओलांडून गेली होती.

घरी आल्यावर बायको आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "ती नीट होईपर्यंत पोरीला तिच्यात बसवायचं नाही." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. बग म्हटला की हात शिवशिवतात. पेट्रोल इंजिनाचा हिशोब तसा सरळ आहे. जेवढी हवा आत, तेवढं पेट्रोल, तेवढी रेस. ॲक्सिलरेटर म्हणजे हवेच्या वाटेवरचं एक झाकण, ज्याला थ्रॉटल म्हणतात. पाय काढला की ते मिटतं. पाय काढूनही रेस जास्त, म्हणजे कुठूनतरी हवा आत जातेय. कुठून, हाच काय तो प्रश्न.

संशयित चार होते. एक, थ्रॉटल पूर्ण मिटत नसेल. दोन, एखादी रबरी नळी फाटली असेल. तीन, थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल. चार, थंड इंजिनासाठी हवेची एक चोरवाट असते, ती उघडी राहिली असेल. पण इंजिन तर गरम होतं, काटा रोजच्याच जागी होता. म्हणून चौथा संशयित मी पुरावा न तपासताच सोडून दिला. (हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.)

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना एकसारखा सॉकेट आला, त्यात स्कॅनर खुपसला की दुखणं स्क्रीनवर येतं. माझी गाडी त्याच्या आधीची. हिच्यात डबीतल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. दिवा एका लयीत लुकलुकत राहिला. त्याचा अर्थ "माझ्याकडे काहीही तक्रार नाही". ऑफिसात रात्री दोन वाजता डॅशबोर्ड हिरवागार असतो आणि ग्राहकाचा फोन येत असतो, अगदी तसंच.

पहिल्या शनिवारी थ्रॉटल स्प्रे मारून साफ केला, केबलला ढील आहे ना ते बघितलं. १६००. रविवारी सगळ्या बारक्या नळ्या बदलल्या, सांध्यांवर स्प्रे मारून कुठे रेस बदलते का ते पाहिलं. (गरम इंजिनावर पेट घेणारा स्प्रे मारायचा हा उद्योग शेजारी आग विझवायचं नळकांडं ठेवून करावा. मी ठेवलं होतं. बायकोने ठेवायला लावलं होतं.) १६००. पुढच्या शनिवारी सत्तर डॉलरचा सेन्सर. १६००.

मग मी ते केलं जे करायचं नसतं. थ्रॉटलवर रेस कमीजास्त करायचा एक स्क्रू असतो, तो पिळला. कारण कळत नाही ना, मग निदान लक्षण तरी दाबू. अडीच फेऱ्यांत स्क्रू पूर्ण आत गेला आणि रेस आली १३०० वर. तिथून हलेना. एक गोष्ट मात्र धंद्याच्या सवयीने बरी केली, "अडीच फेरे आत" असं वहीत लिहून ठेवलं. जे बदललं ते परत आणता आलं पाहिजे.

आता बाबांबद्दल. बाबा सांगलीला असतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते, २०१० साली निवृत्त झाले. आई २०२२ मध्ये गेली. ती असताना फोन ती करायची, बोलायची ती, शेवटी "घे, बाबांशी बोल" म्हणून फोन द्यायची. आता दर रविवारी मी करतो. "तब्येत कशी आहे?" "बरी आहे." "जेवलात?" "हो, जेवलो. तुमच्याकडे थंडी आहे का?" तीन मिनिटांत संपतो.

पहिल्या रविवारी मी त्यांना गाडीचं सांगितलं होतं. ते लगेच म्हणाले होते, "पाणी बघितलंस का?"

म्हटलं, "बघितलं बाबा. बाटली भरलेली आहे. आणि हे पेट्रोल इंजिन आहे, डिझेलला थ्रॉटल नसतो, तिथे रेस डिझेल कमीजास्त करून ठरते. याचं वेगळं असतं." एकतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडलेल्या माणसाला मी हे ऐकवलं. ते "असेल" म्हणाले.

तिसऱ्या रविवारी दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून व्हिडिओ लावून फोन इंजिनावर धरला. बाबा म्हणाले, "चित्र नको, त्याने आवाज तुटतो. नुसतं ऐकू दे."

मिनिटभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कुठे मिस नाही. थरथर नाही. गुळगुळीत चाललंय. नळी फाटली असती तर असं चाललं असतं का?"

मी गप्प. कारण ते बरोबर होतं. माझ्या गाडीत हवा मोजायचं यंत्र वाटेच्या तोंडाशी आहे. त्याच्या पुढे नळी फाटली तर ती हवा मोजलीच जात नाही, तिच्या वाटणीचं पेट्रोल पडत नाही, आणि इंजिन अडखळतं. माझं अडखळत नव्हतं. म्हणजे जास्तीची हवा मोजून, राजरोस, परवानगीच्या वाटेने आत जात होती.

"सकाळी गार असताना किती असतं?"

"सोळाशे."

"आणि तासभर चालवल्यावर?"

"सोळाशेच."

"मग त्याला अजून सकाळच वाटतेय. आजारी नाही ते, त्याला थंडी वाजतेय. आत हिटर लागतो का?"

हिटर महिनाभर कोमटच लागत होता. मी जॅकेट घालून चालवत होतो. डोक्यात ती वेगळी तक्रार म्हणून नोंदवून ठेवली होती, सावकाश बघू या सदरात.

"आता पाणी बघ."

"बाबा, बाटली भरलेली..."

"बाटली बघायला कुणी सांगितलं? रेडिएटरचं झाकण काढ. आत्ता नको, गार होऊ दे. तोंडावर उडेल."

दोन तासांनी झाकण काढलं. बोट घातलं. कोरडं. अडीच लिटर कूलंट आत गेलं तेव्हा कुठे वरती दिसायला लागलं.

झालं होतं ते असं. थंड इंजिनासाठीची ती चोरवाट एका मेणाच्या गोळीवर चालते. इंजिनाचं गरम पाणी तिच्याजवळून फिरतं, मेण वितळून फुगतं, वाट बंद होते आणि रेस खाली येते. पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी उंचावरच्या जागा कोरड्या पडतात. माझ्या गाडीत उंचावर दोनच गोष्टी, हिटर आणि ही गोळी. गोळीपर्यंत पाणी पोचतच नव्हतं, तिच्या दृष्टीने इंजिन अजून थंडच होतं, आणि थंड इंजिनाला द्यायची ती हवा ती इमानाने देत होती. तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. दोन तक्रारी, कारण एक.

आणि बाटली? इंजिन गार होताना रेडिएटरने बाटलीतलं पाणी परत ओढायचं असतं. पण कुठे गळती असेल तर तो तिथून हवाच ओढतो, आणि बाटली भरलेली ती भरलेलीच राहते. गळती पाण्याच्या पंपाला होती. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की त्यातून पाणी झिरपतं. तिथे वाळलेला हिरवट ओघळ होता. जमिनीवर एक थेंब नाही.

पुढच्या आठवड्यात पंप बदलला, झाकण नवीन घातलं, गाडीचं नाक उताराच्या वर करून हिटर पूर्ण गरमवर ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. गाडी सुरू केली. १३००, ११००, ७००, ५००, बंद! वही काढली, स्क्रू अडीच फेरे बाहेर. ८००. आत हिटर इतका तापला की काच खाली करावी लागली.

रात्री विचार करत होतो. तो स्क्रू अजून थोडा आत गेला असता आणि रेस ८०० वर आली असती, तर मी काम संपवून खुशीत मुलीला घेऊन हायवेला लागलो असतो. काट्याचा सेन्सर पाण्यात नसेल तर काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं असतं, तेही कुठल्या लेनमध्ये कोण जाणे. ती वाढलेली रेस हीच त्या गाडीची एकमेव खरी हाक होती आणि मी तिचं तोंड दाबायला निघालो होतो.

बाबांना फोन केला. तो चाळीस मिनिटं चालला. ते म्हणाले, "डेपोत ड्रायव्हरला विचारलं की तो म्हणायचा, पाणी आहे. आम्ही तरी झाकण काढायचोच. ड्रायव्हर खोटं बोलत नाही रे. त्याने जे बघितलं ते सांगतो. आपण विचारायचं, कुठे बघितलंस?"

फोन ठेवता ठेवता सवयीने विचारलं, "जेवलात?" "हो, जेवलो."

मग थांबलो आणि विचारलं, "काय जेवलात?"

पलीकडे जरा वेळ शांतता. "चहा घेतला. बिस्किटं होती."

"आणि काल रात्री?"

"तेच रे. एकट्यासाठी कुठे भाकरी थापत बसायचं."

दोन वर्षं मी बाटलीच बघत होतो.

गल्लीतल्या एका काकूंकडे दोन वेळच्या डब्याची सोय लावली. बाबा आधी नको नको म्हणाले, आता भाजीत मीठ कमी असतं अशी तक्रार करतात. त्याच डिसेंबरात तीन आठवडे जाऊन आलो. हल्ली फोनवर काय जेवलात तेच विचारतो, आणि ते न चुकता विचारतात की झाकण कधी काढलं होतंस. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, गाडी गार असताना काढतो. मुलगी आता पिकअपमध्ये बसते. हिटरची खिडकी तिच्याकडे आहे, आणि तक्रार अशी की फार गरम होतं.