पोलिसापुढचं इंग्रजी

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘पोलीस आणि रस्ता’ असा एक धडा हमखास असतो, आणि तो बहुतेक नामांचा असतो. कॉप, पेट्रोल कार, हँडकफ्स, बर्गलरी वेगळी नि रॉबरी वेगळी, एवढं झालं की धडा संपतो. उरलेलं शिक्षण मालिका करतात. 1990 साली सुरू झालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’सारख्या मालिकांनी माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या कितीतरी जणांना पोलिसी इंग्रजी घरबसल्या शिकवलं. मीही तिथूनच शिकले. पुढे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रं वाचायची सवय लागली, आणि आता मला ठामपणे वाटतं की या शब्दसंग्रहातला सर्वांत कमी गरजेचा भाग म्हणजे ही नामं. मुलामुलींकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना लागतं ते दुसरंच काही: समोरचा हुकूम देतोय की परवानगी मागतोय हे ओळखता येणं, आणि आपलं उत्तर गुळमुळीत न ठेवता सांगता येणं.

अमेरिकी पोलिसाचं रस्त्यावरचं बोलणं बऱ्याचदा सौजन्याचं असतं, पण त्या सौजन्यावरून काहीच कळत नाही. ‘वुड यू स्टेप आउट, प्लीज’ हे ऐकायला विनंतीसारखं आहे, पण वाहतुकीच्या नियमाखाली थांबवलेल्या चालकाला गाडीबाहेर यायला सांगण्याचा अधिकार न्यायालयाने 1977 साली पोलिसांना दिला. ते ऐकावंच लागतं. उलट ‘डू यू माइंड इफ आय टेक अ लुक?’ हा खराच प्रश्न असतो. त्याला नकार देता येतो, पण तसा हक्क आपल्याला आहे हे सांगण्याचं बंधन पोलिसावर नाही. 1973 पासून तिथला कायदा हाच आहे. शिवाय या प्रश्नाची घडण ‘हरकत आहे का?’ अशी. घाईत तो ‘बघू का?’ असा ऐकू येतो, आपण घाबरून ‘नो, नो’ म्हणतो, आणि त्या ‘नो’चा अर्थ होतो ‘हरकत नाही, बघा’. म्हणून ‘आय डोन्ट कन्सेंट’ हे रुक्ष वाक्य पाठ असलेलं बरं. हुकूम की विनंती हे कळत नसेल, तर ‘ॲम आय फ्री टू गो?’ हा एक प्रश्न ‘कॉप’सारख्या दहा शब्दांपेक्षा उपयोगी आहे.

मराठी बोलणाऱ्याची खरी अडचण मात्र ‘मे बी’पाशी आहे. आपल्याकडे थेट मागणं हा उद्धटपणा. ‘वकिलाशी बोललेलं बरं पडेल का, असं वाटतंय’ हे आपल्या कानाला अगदी स्पष्ट वाक्य आहे. अमेरिकी नौदलातल्या एका संशयिताने चौकशीत जवळजवळ हेच म्हटलं होतं: कदाचित मी वकिलाशी बोलायला हवं. ‘कदाचित’ आहे म्हणजे मागणी स्पष्ट नाही, चौकशी थांबवण्याचं कारण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली दिला. 2010 साली न्यायालय आणखी पुढे गेलं: तासन् तास जवळजवळ गप्प बसलं तरी मौनाचा हक्क वापरला असं होत नाही, तो वापरतोय हे बोलून दाखवावं लागतं. लुइझियानात एका संशयिताने वकील मागताना वाक्याच्या शेवटी आपल्या ‘भावा’सारखा गल्लीतला ‘डॉग’ जोडला. वकील मागितला की कुत्रा, अशी शंका 2017 साली तिथल्या एका न्यायमूर्तींनी गांभीर्याने लिहून ठेवली. (हे विनोदी वाटतं, पण त्या माणसाची दाद लागली नाही.) जॅनेट एन्सवर्थ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी 1993 सालीच येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात दाखवून दिलं होतं की स्त्रिया आणि अनेक अल्पसंख्य समाज आडवळणाने बोलतात, आणि सरळसोट बोलण्याची अट नेमकी त्यांनाच नडते. आपण मराठी माणसं त्या यादीत निमूट बसतो.

यावर म्हणता येईल की साध्या माणसाला वकिली भाषा कशाला. खरं सांगावं आणि मोकळं व्हावं. ही सवय आपल्या कायद्याच्या छायेत वाढलेली आहे. भारतात पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम तेच सांगत होतं, 2023 च्या साक्ष अधिनियमानेही ते ठेवलं. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सहीसुद्धा घ्यायची नसते. त्यामुळे ‘साहेब, जरा ऐकून तर घ्या’ म्हणत सगळं सांगून टाकणं आपल्याला शहाणपणाचं वाटतं. तिकडे बोललेला प्रत्येक शब्द तुमच्याविरुद्ध उभा राहू शकतो, आणि मालिकांमुळे पाठ झालेली ती मौनाच्या आणि वकिलाच्या हक्काची सूचना माणूस ताब्यात असताना चौकशी करायची असेल तेव्हाच द्यावी लागते. फुटपाथवरच्या गप्पांना ती लागत नाही. गप्पा मात्र नोंदल्या जातात.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातेतून मुलाकडे, नातवाला सांभाळायला आलेले एक गृहस्थ सकाळी फिरायला निघाले. अनोळखी माणूस फिरतोय असा शेजाऱ्याने फोन केला, पोलिसांनी अडवलं, त्यांना जेमतेम काही शब्द बोलता आले, आणि एका पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं की मणक्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. चित्रफीत होती, खटलाही झाला. दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि 2016 च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. ज्याला बळच वापरायचंय त्याच्यापुढे तुमची पाठ केलेली वाक्यं काय करणार? मला हा आक्षेप मान्य आहे, पण अर्धाच. भाषा चिलखत नाही. तरीही बचाव पक्षाचा सगळा भर त्या गृहस्थांनी ऐकलं नाही, विरोध केला, यावर होता. न समजणं हे न ऐकणं ठरलं. म्हणून शिकायचे पहिले शब्द देहाचे: ‘फ्रीझ’, ‘डोन्ट रीच’, ‘कीप युवर हँड्स व्हेअर आय कॅन सी देम’. आपल्याकडे पोलिसाने हटकलं की चटकन खिशात हात घालून ओळखपत्र काढणं हा सभ्यपणा. तिथे तेच ‘रीच’ करणं जिवावर बेतू शकतं.

रस्त्याचे शब्दही यातच येतात. ‘लॉयटरिंग’ म्हणजे उघड हेतूशिवाय एका जागी थांबणं. आपला सगळा कट्टा या व्याख्येत सापडेल! शिकागोने 1992 साली टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी असा नियम केला. तीन वर्षांत 89 हजारांहून अधिक वेळा लोकांना हटायचे हुकूम दिले गेले, 42 हजारांहून अधिक अटका झाल्या, आणि 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोघम म्हणून रद्द केला. नियम गेला तरी शेजाऱ्याची नजर जात नाही. संध्याकाळी पुलाखालच्या बाकावर दोन आजोबा तासभर बसले, तर तिथला कोणी त्यांना ‘सस्पिशस’ म्हणून फोन करू शकतो. हा शब्द माहीत असणारा माणूस निदान मुलाचा पत्ता आणि फोन नंबर तोंडपाठ ठेवतो.

बोलीभाषेतले शब्द वाया जातात असं माझं म्हणणं नाही. ते ऐकून कळावेत, तोंडी मात्र येऊ नयेत. इंग्लंडात तर ती यादीच वेगळी, आणि हक्कांची मांडणीही. तिथे 1984 च्या कायद्याखाली झडती घेण्याआधी पोलिसाला आपलं ठाणं, झडतीचा हेतू आणि संशयाचं कारण सांगावं लागतं. अमेरिकी मालिकांवर पोसलेलं इंग्रजी तिकडे नेऊ नये.

सत्तरीतल्या माणसाला हे सगळं शिकवणं हास्यास्पद आहे, असंही कोणी म्हणेल. पण हा ऐवज सहा-सात वाक्यांचा आहे; त्याहून लांब आरत्या आपल्याला पाठ असतात. त्यात शेवटचं वाक्य ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर’ हे असावं. अमेरिकेत संघराज्याच्या यंत्रणांनी आणि त्याचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी, असा आदेश 2000 साली निघाला होता. मार्च 2025 मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना तो मागे घेतला गेला. 1964 चा नागरी हक्क कायदा अजून आहे, तेव्हा मागणीला आधार उरला आहे. मागायचं मात्र ‘मे बी’ न लावता.