जयपूरचे वेध आणि खुली टिपणे

वेध घेताना, गणित सोडवताना किंवा संगणकावर प्रयोग करताना लिहिलेले टिपण दुसऱ्याच्या कामी यायचे असेल, तर त्यात उत्तराइतकीच उत्तरापर्यंतची वाटही लागते. जयपूरच्या जंतरमंतर या वेधशाळेत याचा दाखला दगडात बांधलेला आहे. तिथले बृहत् सम्राट यंत्र, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारे प्रचंड घड्याळ, सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची सावली बाजूच्या अंशांकित कमानीवरून तासाला जवळजवळ चार मीटर, म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित अधिक सरकते. कमानीवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा आहेत. पण सूर्य काही बिंदू नव्हे. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. त्यामुळे सावलीला धारदार कड नसते, दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीचा फिकट होत जाणारा पट्टा असतो. त्या पट्ट्यातली कोणती जागा खरी धरायची, हे निरीक्षकाच्या हातोटीवर अवलंबून राहते. ती हातोटी नोंदीत उतरली नाही, तर दोन सेकंदांच्या खुणा नुसत्या शोभेच्या.

वेळेचा घोळ वेगळाच. यंत्र जयपूरची सौर वेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास. एवढ्यानेच सुमारे 27 मिनिटांचे अंतर पडते. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस यांमुळे वर्षभर बदलत राहणारी दुरुस्ती त्यात मिळवली, की फेब्रुवारीच्या मध्याला घड्याळ यंत्राच्या सुमारे 41 मिनिटे पुढे असते आणि नोव्हेंबरच्या आरंभी जेमतेम 10 मिनिटे. ‘दुपारी 12 वाजता वेध घेतला’ एवढेच लिहून ठेवले, तर वर्षभराने ते लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही. संगणकाच्या नोंदींत वेळेशेजारी ती कुठली प्रमाणवेळ हेही लिहावे, असा जो आग्रह असतो, तो याच कारणाने.

ही वेधशाळा बांधणारा जयपूरचा राजा सवाई जयसिंह (1688–1743) साधने आणि पडताळणी यांच्या बाबतीत काटेकोर होता. ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फार्सी कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत आधी साधनांचे दोष सांगितले आहेत: पितळी यंत्रे लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतात; म्हणून दगड-चुन्याची मोठी यंत्रे बांधली. एका ठिकाणचे वेध दुसरीकडे पडताळता यावेत म्हणून दिल्लीखेरीज जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन इथेही वेधशाळा उभारल्या. पाद्री मानुएल द फिगेरेदो याच्याबरोबर पोर्तुगालला पाठवलेल्या मंडळींनी फिलिप द ला हीर याची छापील कोष्टके आणली. ती ताडून पाहिल्यावर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आढळली, असेही ही प्रस्तावना सांगते. पॅरिसच्या ज्योतिर्विदाचे गणित भारतात तपासले गेले, याचे श्रेय जयसिंहाच्या चिकित्सेला जसे आहे, तसे छापखान्यालाही आहे.

जयपूरचे स्वतःचे काम मात्र नकलनवीसांच्या हातून, हस्तलिखितांतूनच फिरले. झीजची प्रस्तावना इंग्रजीत आली ती विल्यम हंटरच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मधील लेखातून, 1799 साली, तेव्हा जयसिंहाला जाऊन अर्धशतक उलटले होते. मुहम्मदशाही कोष्टकांतला किती भाग वेधशाळांतून आला आणि किती ला हीरच्या पुस्तकातून, यावर इतिहासकारांत वाद आहे. कोष्टकात शेवटचे आकडे असतात. रोजच्या वेधांची सलग वही समोर असती तर वाद इतका लांबला नसता. ताऱ्यांच्या यादीचे तसे झालेले नाही. ती पूर्वीचा ज्योतिर्विद उलुगबेग याची यादी असून प्रत्येक ताऱ्याच्या भोगात, म्हणजे आकाशातल्या रेखांशात, 4 अंश 8 कला मिळवल्या आहेत. काय घेतले आणि त्यात किती बदल केला, हे स्वच्छ दिसत असल्याने तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

जयसिंहाच्या पदरचे जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे परंपरा सांगते. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला, तोच ‘सम्राट सिद्धांत’. युक्लिडची भूमितीही नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात उतरवली. ‘रेखागणिता’त युक्लिडचे नाव नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरा खंडित झाल्यावर आता पुन्हा प्रकट केले, अशी त्याची मांडणी आहे. त्या काळच्या ग्रंथरीतीला ती शोभणारी असली, तरी मूळ पाठाशी ताडून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा काहीच उपयोग नव्हता. हे पुस्तक छापून निघाले ते मुंबई संस्कृत मालेत, 1901–02 साली.

विसाव्या शतकात नाशिकजवळच्या देवळालीत एका शाळामास्तराने दुसरा मार्ग काढला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांच्यामागे विद्यापीठ नव्हते. आकड्यांवरची आपली टिपणे ते पदरमोड करून लहान पुस्तिकांच्या रूपाने छापत. त्यांचा 6174 हा स्थिरांक कुणालाही पेन्सिलीने तपासता येतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. 3524 पासून निघाले तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत हाच आकडा येतो आणि पुढे हलत नाही. अनेक गणितज्ञांनी हे काम किरकोळ मानले. गणितावर लोकांसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने मार्च 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यावर लिहिल्यावर ते जगभर पोचले. पुस्तिका छापल्या गेल्या नसत्या, तर गार्डनरपर्यंत काय पोचले असते?

संगणकशास्त्रात याच वळणाचे उदाहरण एड्सगर डाइक्स्ट्रा याचे. त्याने तेराशेहून अधिक टिपणांना क्रमांक दिले, बरीचशी हाताने लिहिली, आणि प्रती मोजक्या सहकाऱ्यांना धाडल्या. ते पुढच्यांना धाडत. आज ती टेक्सास विद्यापीठाने आंतरजालावर सर्वांना खुली ठेवली आहेत.

आंतरजालाने टपालाचा खर्च पुसून टाकला. पॉल गिन्स्पार्गने 1991 साली लॉस अ‍ॅलामॉस इथे सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’ भांडारात भौतिकी आणि गणितातले लेख नियतकालिकांची वाट न पाहता ठेवले जाऊ लागले. ऑगस्ट 2002 मध्ये कानपूर आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची जलद आणि निश्चित रीत आंतरजालावर मांडली. थोड्याच दिवसांत तज्ज्ञांनी ती तपासून मान्य केली. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये ती छापून यायला 2004 उजाडले.

वैयक्तिक टिपणाला मात्र परीक्षकांची चाळणी नसते, म्हणून त्याची तपासणी वाचकाला करता यावी लागते. संगणकाच्या टिपणात आज्ञावली, तिची आणि तिला लागणाऱ्या ग्रंथालयांची आवृत्ती, वापरलेली मूळ माहिती, आणि यादृच्छिक संख्या वापरल्या असतील तर त्यांचे बीज, एवढे असलेच पाहिजे. ‘जुपिटर’ या संगणकावरच्या वहीत मजकूर, आज्ञावली आणि उत्तर एकत्र राहते, पण तिच्यात एक फसवी जागा आहे. आज्ञावलीचे कप्पे उलटसुलट क्रमाने चालवले, की वहीत दिसणारे उत्तर वहीतल्या मजकुरातून पुन्हा निघत नाही. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी सगळी उत्तरे पुसून वही वरून खाली एकदा चालवून पाहतात. दुरुस्त्यांसाठी ‘गिट’ हे साधन आहे. लिनस टोरवाल्ड्सने ते 2005 मध्ये तयार केले. कोणती ओळ कुणी, केव्हा बदलली, हे त्यात राहते. चूक गुपचूप पुसण्याऐवजी दुरुस्तीची तारीख दिसते.

टिपण इतरांनी कसे वापरावे हे सांगणाऱ्या परवान्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावर हक्क आपोआप लागू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. संगणकाची आज्ञावलीही या कायद्याने साहित्यकृतीतच मोडते. म्हणजे नुसते आंतरजालावर ठेवलेले टिपण वाचायला मोकळे असते, पण भाषांतर करायला किंवा शाळेसाठी पुन्हा छापायला नसते. डिसेंबर 2002 पासून उपलब्ध असलेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्यांपैकी सर्वांत सोपा परवाना श्रेय देण्याच्या एकाच अटीवर हे सगळे करू देतो. आज्ञावलीसाठी वेगळे परवाने आहेत, तेच वापरावेत.

टिकण्याचा प्रश्न उरतो. फुकट जागा देणाऱ्या सेवा बंद पडतात. ‘जिओसिटीज’ 2009 मध्ये बंद झाली तेव्हा असंख्य वैयक्तिक पाने गेली, आणि जी वाचली ती इतरांनी आधीच नकला करून ठेवल्यामुळे. सर्न या संशोधन संस्थेच्या ‘झेनोडो’सारख्या भांडारात ठेवलेल्या टिपणाला कायमचा ओळखक्रमांक मिळतो आणि प्रत्येक आवृत्तीला वेगळा. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक पथ्य आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला, तरी शोधयंत्राला ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. अशी टिपणे आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात, आणि बदलताना जोडाक्षरे व सूत्रांतली चिन्हे बिघडतात, म्हणून मूळ छापील प्रतीशी ओळ न ओळ ताडून पाहावे लागते.