मेंढीचे दात

दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण वडील माणसांच्या तोंडून वारंवार ऐकतो व ती माणसांपुरतीच आहे असे समजून हसून सोडून देतो. ती मेंढरांनाही अक्षरशः लागू पडते, आणि तेथे ती हसण्यासारखी मुळीच नाही, हे आम्हांस गेल्या पौष महिन्यात शीळफाट्यावर कळून आले. त्या दिवशी आमची थोडी फजितीही झाली. परंतु जी फजिती चार गोष्टी शिकवून जाते ती सांगण्यास लाज कसली? म्हणून हा लेख.

मुंब्रा, महापे, पनवेल व कल्याण या बाजूंचे रस्ते जेथे एकमेकांस मिळतात ते ठिकाण म्हणजे शीळफाटा. तेथील वाहनांची गर्दी आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहेच. आम्ही विज्ञान मंडळाच्या आठ विद्यार्थ्यांसह कल्याणहून परतत होतो, आणि गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. अखेर चालकाने कंटाळून ती रस्त्याच्या कडेस घेतली. पाहतो तो एका बाजूस नवी गुदामे, दुसऱ्या बाजूस उंच इमारती, आणि मधल्या उरल्यासुरल्या भातखाचरात दीड-दोनशे मेंढरे शांतपणे चरत आहेत! मुलांना मग गाडीत बसवून ठेवणे शक्यच नव्हते.

दिवाळीनंतर कोकणातील भात कापून झाले म्हणजे घाटावरचे धनगर आपले कळप घेऊन खाली उतरतात. घाटमाथ्याच्या पलीकडे त्या दिवसांत चारा विरळ होत जातो, आणि येथे कापलेल्या भाताची धसकटे व बांधावरचे गवत मोकळे पडलेले असते. शेतकरी आपल्या खाचरात रात्री मेंढरे बसवून घेतो. त्यांच्या लेंड्यांनी व मुताने जमिनीस खत मिळते आणि धनगरास त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. पावसाळा तोंडावर आला की हे लोक पुन्हा घाट चढू लागतात, कारण दख्खनी मेंढीस कोकणचा चिखल व मुसळधार पाऊस सोसत नाही. आम्हांस भेटलेले कुटुंब पारनेर तालुक्याकडील असून माळशेजच्या घाटाने उतरले होते. घोड्यांच्या पाठीवर संसार, दोन कुत्री, चार कोंबड्या आणि मेंढरांभोवती रात्री लावावयाचे जाळे, एवढेच त्यांचे घरदार.

इतक्यात आमच्यातील एक मुलगा ओरडला, “सर, ती मेंढी पान खाऊन थुंकते आहे पाहा!” सर्व मुले हसू लागली. खरोखरच एक काळी मेंढी कळपापासून बाजूस उभी राहून एकाच गालाने चघळत होती, मान वाकडी करीत होती, आणि मधूनच अर्धवट चावलेल्या गवताचा हिरवा बोळा तिच्या तोंडातून खाली पडत होता. हनुवटीवर हिरवट लाळ वाळलेली होती. पाठीचा कणा वर आला होता. तिच्या पायांशी एक कोकरू कासेला ढुशा देत होते. आम्ही विज्ञानाचे शिक्षक. आम्हांस गप्प बसवते थोडेच! “हिला जंत झाले असावेत,” असे निदान आम्ही मुलांसमोर मोठ्या ऐटीने करून टाकले.

कळपाचे मालक, एक वृद्ध गृहस्थ, काठीवर हनुवटी टेकून हे ऐकत होते. ते मंद हसले व म्हणाले, “मास्तर, जंत असतील तर ते पोटात असतील. आधी दार बघावं, मग घर.” एवढे बोलून त्यांनी मेंढीस दोन्ही गुडघ्यांत हलकेच धरले आणि खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला. पुढच्या आठ दातांपैकी तीन नव्हतेच. उरलेले लांब, पिवळे, व हात लावताच हलणारे. नंतर त्यांनी बाहेरूनच गालावरून बोटे फिरविली. एका जागी ती थांबली. तेथे चावलेल्या चाऱ्याचा गोळा दडून बसला होता. बाहेरून दाबून त्यांनी तो पुढे सरकविला आणि बाहेर काढला. त्याला भयंकर दुर्गंधी येत होती. एका मुलाने आत बोट घालण्यासाठी हात पुढे करताच ते गरजले, “पोरा, बोट तुटंल! दाढ म्हंजी सुरी हाय.”

घरी आल्यावर आम्ही एका परिचित पशुवैद्यांकडे गेलो व या विषयाची माहिती करून घेतली. मेंढीच्या वरच्या जबड्यास पुढचे दात मुळीच नसतात. तेथे एक कठीण गादी असते. खालचे आठ दात त्या गादीवर टेकवून मेंढी गवत तोडते. मागे प्रत्येक बाजूस वर सहा व खाली सहा, अशा एकंदर २४ दाढा. सर्व मिळून ३२, म्हणजे माणसाइतकेच! कोकराचे दुधाचे दात २०. सुमारे एक ते दीड वर्षाची झाली की पुढची मधली जोडी पडून कायमची येते. त्यानंतर साधारणपणे दर वर्षास एक जोडी, असे करीत चौथ्या वर्षाच्या सुमारास आठही दात पुरे होतात. म्हणूनच दोन दाती, चार दाती, सहा दाती अशा शब्दांनी मेंढीचे वय सांगण्याची रीत आहे. जन्मपत्रिका हरवेल, पण ही पत्रिका मेंढी तोंडातच घेऊन फिरते.

दात झिजतात ते उगाच नव्हे. भाताच्या पेंढ्यात वाळूचाच घटक असलेले कठीण द्रव्य पुष्कळ असते. गवत आखूड झाले की मेंढी जमिनीलगत चरते व मातीही खाते. रस्त्याची व बांधकामांची धूळ बसलेला चारा म्हणजे तर पॉलिश-कागदच. पुढचे दात गेले तरी मेंढी कोवळ्या किंवा कापून टाकलेल्या चाऱ्यावर दिवस काढू शकते. खरा घात दाढांच्या दुखण्याने होतो. मेंढी दिवसाकाठी सुमारे आठ तास रवंथ करते. गिळलेले पुन्हा तोंडात आणून ते दाढांखाली बारीक करते, तेव्हाच पोटातील सूक्ष्म जंतूंना त्याचे पचन करता येते. एक दाढ पडली की तिच्या समोरची दाढ घासली न जाता वाढत जाते, त्या पोकळीत शिरते, गाल व हिरडी कापते. मग चारा गालात साठतो, कुजतो, कधी जबड्यास गळूही होते. पुढे हिरवे रान पसरलेले, आणि मेंढी उपाशी!

येथे एक सूचना करणे अवश्य आहे. लाळ गळते ती प्रत्येक वेळी दातांमुळेच, असे नाही. लाळ्या-खुरकूत रोगात तोंडास फोड येतात. चिलटांपासून पसरणाऱ्या नीलजिव्हा रोगातही तोंड सुजते. या रोगाची भारतातील पहिली नोंद १९६४ साली आपल्या महाराष्ट्रातच झाली. तेव्हा ताप, लंगडणे किंवा एकाच वेळी अनेक मेंढरांस लाळ, असे दिसल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांस बोलवावे हेच बरे.

परंतु त्या दिवशी शीळफाट्यावर प्रश्न निराळा होता. म्हाताऱ्या, दात गेलेल्या मेंढीस पुन्हा माळशेज चढवेल काय? एका व्यापाऱ्याने तिची मागणी केलीच होती. आणि दीड-दोनशे मेंढरांवर पोट असलेल्या माणसाने एक थकलेली मेंढी विकली तर त्यास निर्दय म्हणण्याचा अधिकार आम्हां पगारी लोकांस नाही. म्हातारेबाबा काही बोलेनात. निकाल दिला तो चुलीजवळ बसलेल्या त्यांच्या पत्नीने. “सात वेतं दिली तिनं. हे आठवं. ह्याचं तोंड चाऱ्याला लागू दे, मग बघू.” एवढेच बोलून त्या माउलीने भाकरीचा चुरा पाण्यात कालवून मेंढीपुढे ठेवला. आमची मुले आता हसत नव्हती.

पंधरा दिवसांनी आम्ही मुलांनी वर्गणी काढून घेतलेले ज्वारीचे पोते घेऊन पुन्हा गेलो. बाबांनी ते आनंदाने घेतले, पण मुलांना मेंढीपुढे ओतू दिले नाही. एकदम फार धान्य खाल्ले तर मेंढीच्या पोटात आंबट होऊन ती मरते. भरडून, भिजवून, मूठमूठ वाढवीत द्यावयाचे असते. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन वाढलेल्या दाढेची धार कानशीने घासून गेले होते. मेंढी अजून रोडच होती, परंतु तोंडातून बोळा पडत नव्हता. आणि कोकरू आईच्या शेजारी उभे राहून गवताची पाती कुरतडू लागले होते. त्याच्या दुधाच्या दातांची ती पहिली परीक्षा!

फाल्गुनात आम्ही त्या वाटेने गेलो तेव्हा खाचर रिकामे होते. जमिनीवर लेंड्यांचा काळा थर, आणि विझलेल्या चुलीचे तीन दगड. ती मेंढी घाट चढली की नाही हे आम्हांस कळले नाही.

शंभरांपैकी एक हरवले म्हणून नव्याण्णव सोडून त्याच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी पुष्कळदा सांगितली जाते. आजवर आम्हांस वाटे की त्या मेंढपाळाचा मोठेपणा रानोमाळ भटकण्यात आहे. आता वाटते की त्याआधी, रोज संध्याकाळी, तो एकेक मेंढरू निरखून पाहत असला पाहिजे. त्याखेरीज एक कमी आहे हे त्यास कळले कसे? मुलांनो, तुमच्या घरी मेंढरे नसतील. पण जेवावयास बसून ताट तसेच सोडून उठणारी आजी असेल. ती “भूक नाही” म्हणते. तिला एकदा प्रेमाने विचारा, “आजी, दात दुखतो का गं?” आम्ही घाईने जंतांचे निदान केले, तशी घाई तुम्ही करू नका. आधी दार पाहावे, मग घर.