गणेशोत्सवाच्या डोक्यावरची रेघ

आम्हा कोलकात्यातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचा फ्लेक्स करायचं काम यंदा माझ्याकडे आलं. वर मराठी, खाली बंगाली. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बलू' हा फॉन्ट मोफत मिळतो, जाडजूड आणि गोलसर आहे, लांबून वाचता येतो, एवढंच मला ठाऊक. देवनागरीसाठी नुसता 'बलू', बंगालीसाठी 'बलू दा'. गुजराती, ओडिया, तमिळ लिप्यांसाठी आणखी भाऊबंद.

'गणेशोत्सव' देवनागरीत उमटला तो भरदार. बंगालीत मात्र डोक्यावरची रेघ जागोजाग तुटलेली! ग वर अर्धीच, ण वर अर्धी, श वर अर्धी, आणि खंड त (बंगालीतला अर्धा त) वर तर नाहीच. फॉन्ट बिघडला की संगणक, काही कळेना.

"दीदी, ठीकच आछे," फ्लेक्सच्या दुकानातले दादा म्हणाले. बंगालीत या रेघेला मात्रा म्हणतात. आठ अक्षरांना ती अर्धी, दहांना अजिबात नाही. पोरं हे शाळेतच शिकतात. त्यांनी 'ए' काढला, त्यावर रेघ ओढली आणि त्याचा 'त्र' झाला. 'ओ'वर ओढली, 'त्त' झाला. मी थक्क झाले. बारीक अक्षरात ही फट नजरेतून निसटते. इथे रेघच पट्ट्याएवढी रुंद, म्हणून फट उठून दिसते. आणि ती तशी दिसलीच पाहिजे.

'महाराष्ट्र'ने आणखी गोंधळात टाकलं. बंगाली 'ष्ट्र' म्हणजे एकाच अक्षराच्या जागेत तीन व्यंजनं. सगळ्या रेघा सारख्याच जाड ठेवल्या तर आत पांढरं काही उरणार नाही, नुसता काळा गोळा होईल. पडद्यावर अक्षर मोठं करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं: जिथे रेघा एकमेकींना भिडतात तिथे त्या हळूच बारीक होतात. जाडी डोळ्यांना सारखी वाटावी म्हणून ती मुद्दाम कमीजास्त केलेली असते. 1778 मध्ये हुगळीला हालहेडचं बंगाली व्याकरण छापलं गेलं. त्याचे छपाईचे खिळे घडवणाऱ्या विल्किन्स आणि पंचानन कर्मकार यांना हीच आतली जागा पोलादात कोरावी लागली असणार. माझ्याकडे निदान मागे फिरायची कळ होती.

'बलू'च्या रोमन अक्षरांतही हाच गोलसर स्वभाव दिसतो. एन किंवा आर मध्ये कमान दांड्याला जिथे मिळते तिथे टोक बाहेर येत नाही, कोपरे मऊ. त्यामुळे तिन्ही लिप्या शेजारी ठेवल्या तरी एका घरातल्या वाटतात. रेघेची फट एकीत आहे, दुसरीत नाही, याने काही बिघडत नाही.

शीर्षकाला सगळ्यात जाड बलू घेतला. आरतीच्या वेळा त्यात लिहिल्या तर आकड्यांची पोटं भरून आली. 'बलू 2' या त्याच्याच पुढच्या आवृत्तीत 400 पासून 800 पर्यंत पाच जाड्या आहेत. वेळा 500 मध्ये बसल्या. देणगीदारांची लांबलचक यादी होती, ती मात्र साध्या, सडपातळ फॉन्टात लावली.