इसार

जमिनीचा सौदा ठरला की घेणारा इसार देतो. पुढे मन फिरलं, तर इसार बुडतो, पण उरलेला पैसा गाठीला राहतो. शेअर बाजारातला ‘ऑप्शन’ जवळपास असाच असतो: ठरल्या भावाने घेण्याचा हक्क मिळतो, सक्ती नसते. मग या हक्कासाठी मोजायचे किती? रॉबर्ट मर्टन यांची प्राध्यापकी या हिशेबाभोवती फिरली.

जन्म १९४४चा, न्यूयॉर्कचा. वडील नामवंत समाजशास्त्रज्ञ. मुलाला वेड मोटारींचं. शाळकरी वयात त्याने पहिला शेअर घेतला तोही जनरल मोटर्सचा. पुढे कॅलटेकमध्ये गणित शिकताना तो वर्गाआधी, सकाळीच ब्रोकरकडे जाऊन बसे. न्यूयॉर्कचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या तीन तास पुढे, त्यामुळे ते जमायचं. अखेर गणितातली पीएचडी सोडून तो एमआयटीत पॉल सॅम्युएल्सन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकायला गेला.

१९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं सूत्र छापून आलं. त्याला भक्कम गणिती पाया दिला मर्टन यांनी. शेअर चढेल की पडेल, हे माहीत नसलं तरी चालतं; तो किती हेलकावे खातो, एवढं कळलं की इसार ठरवता येतो. त्याच वर्षी शिकागोत ऑप्शनचा बाजारही उघडला.

पुढच्याच वर्षी मर्टन यांनी हा हिशेब कंपनीच्या कर्जाला लावला. कर्जबाजारी कंपनीचा भागधारक म्हणजे इसार देऊन बसलेला माणूस. मुदतीच्या दिवशी मालमत्ता कर्जापेक्षा जास्त भरली तर देणं फेडून उरलेलं त्याचं; कमी भरली तर किल्ल्या सावकाराच्या हातात देऊन तो मोकळा. कंपनी बुडण्याची शक्यता मोजणारी पुढची कित्येक प्रारूपं यातूनच निघाली.

१९९७ला शोल्स यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ब्लॅक दोन वर्षांपूर्वीच वारले होते. वर्षभराच्या आत, १९९८च्या सप्टेंबरमध्ये, दोघे नोबेलविजेते भागीदार असलेला एलटीसीएम फंड कोसळला. तो सावरायला चौदा वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतावे लागले.

२०१०मध्ये मर्टन एमआयटीत परतले. फिनटेकवर बोलताना ते एक भेद करतात. पैसे पोचले की नाही, हे ग्राहकाला दिसतं. तिथे यंत्र पुरतं. गुंतवणुकीचा सल्ला बरोबर होता का, हे मात्र सहज पारखता येत नाही. तिथे विश्वास लागतो, आणि तो निव्वळ तंत्रज्ञानातून येत नाही.

मुंबईच्या एनएसईवर निफ्टीचे ऑप्शन आले जून २००१मध्ये. आज लोकलमध्ये उभ्याउभ्या कुणीही ते मोबाइलवर घेतो. किमतींच्या शेजारी ब्लॅक-शोल्सच्या त्याच सूत्रातून काढलेला ‘आयव्ही’चा, म्हणजे बाजाराने गृहीत धरलेल्या हेलकाव्यांचा, रकाना लुकलुकत असतो. २०२१-२२पासूनच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेले ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले, असं सेबीने २०२४मध्ये जाहीर केलं. रकान्यातला आकडा हिशेबाने चोख असला, तरी नफ्याची हमी देत नाही.